फुकट जावेत असे पैसे

विम्याचा हप्ता भरताना माणसाची खरी इच्छा अशी असते की हे पैसे फुकट जावेत. घराला आग लागू नये, पाणी शिरू नये, चोर फिरकू नये, आणि वर्ष संपताना ती पॉलिसी रद्दी होऊन पडावी. पेन्शनसाठी पैसे बाजूला काढणाऱ्याची इच्छा बरोबर उलटी. त्याला घातलेलं सगळं परत हवं असतं, वर आणखी भरपूर हवं असतं, आणि त्यासाठी पुष्कळ वर्षं जगावंही लागतं. इतक्या विरुद्ध स्वभावाचे हे दोन खर्च, पण घरात हिशेबाला बसलं की दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो: यातून आपल्याला मिळालं काय?

आमच्या घरात हा प्रश्न नवरा विचारतो. "अगं, इतकी वर्षं घराचा विमा भरतोय. एक छदाम तरी परत आलाय का? तेच पैसे बाजूला टाकले असते तर आत्तापर्यंत बरी रक्कम जमली असती." पेन्शनबद्दल त्याचं बोलणं आणखी कडवट. "आज पोटाला चिमटा काढून भरायचं, आणि म्हातारपणी हातात येईल ते तेव्हाच्या महागाईत किती पुरणार? मुळात आपण असू का तेव्हा?" तो कंजूष नाही, बेफिकीरही नाही. आकडे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळतात, म्हणून त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. या वेळी आम्ही घरातले सगळे हप्ते एका कागदावर लिहून काढले. कुठला ठेवायचा, कुठला बंद करायचा हे ठरेपर्यंत माझ्या डोक्यात जे काही चाललं होतं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट त्याच्या बाजूने मान्य करते. सरासरी काढली तर विमा हा विमेदाराच्या तोट्याचा व्यवहार असतो. तसा तो नसता तर कंपनी चाललीच नसती. गोळा केलेल्या हप्त्यांतून दावे द्यायचे, कार्यालय चालवायचं, एजंटचं कमिशन काढायचं, वाईट वर्षासाठी गंगाजळी ठेवायची आणि नफाही मिळवायचा. म्हणजे शंभर भरणाऱ्यांना मिळून शंभरापेक्षा कमीच परत मिळणार. विमा विकताना जो 'परतावा' हा शब्द वापरतो त्याच्यापासून मी चार पावलं लांबच राहते.

मग शहाण्या माणसाने तोट्याचा व्यवहार का करावा?

याचं मला पटलेलं उत्तर जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचं आहे. डॅनिएल बर्नूली या स्विस गणितज्ञाचा एक निबंध १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने छापला. त्यात तो एका व्यापाऱ्याचं उदाहरण देतो. व्यापारी पीटर्सबर्गचा, माल घेतलाय अ‍ॅमस्टरडॅममध्ये. माल सुखरूप पोचला तर १०,००० रुबल येतील. पण त्या मोसमात शंभरातली पाच जहाजं बुडतात, आणि ८०० रुबलच्या खाली विमा द्यायला कुणी तयार नाही. सरळ हिशेबाने या धोक्याची किंमत ५०० रुबल. वरचे ३०० कशासाठी द्यायचे? बर्नूली म्हणतो, या मालाखेरीज तुमच्या गाठीला किती आहे ते आधी सांगा. ५,०४३ रुबलपेक्षा कमी असेल तर विमा घ्या, जास्त असेल तर गरज नाही. आणि विमा देणाऱ्यापाशी निदान १४,२४३ रुबल असतील तरच त्याने हा धोका अंगावर घ्यावा.

जहाज तेच, समुद्र तोच, हप्ता तोच. एकाने विमा घेणं शहाणपणाचं आणि दुसऱ्याने घेणं उधळपट्टीचं, कारण तेवढाच तोटा पहिल्याला आयुष्यातून उठवतो आणि दुसऱ्याला नुसता चिमटा घेतो. व्यापारी आणि विमा देणारा दोघंही आपापल्या जागी फायद्यात राहू शकतात हे या उदाहरणात मला सगळ्यात आवडलं. कुणी कुणाला फसवलेलं नाही. ज्याला झेपतं त्याने झेपवण्याचे पैसे घेतले, एवढंच.

मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी श्रीमंत असतो तर माझं बरोबर होतं." बरोबर. त्याचा 'बाजूला टाकले असते तर' हा मुद्दाही याच ठिकाणी अडतो. बाजूला टाकलेले पैसे हळूहळू वाढतात. आग मात्र ते वाढेपर्यंत थांबत नाही, दुसऱ्याच वर्षीही लागू शकते. हप्त्याएवढी रक्कम दर वर्षी साठवून एक बंद पडलेलं यंत्र बदलता येईल, भिजलेली भिंत दुरुस्त करता येईल. घर परत उभं करता येणार नाही. हप्त्यांच्या साठ्यातून घर बांधायचं तर इतकी वर्षं लागतील की तोवर घराचं आयुष्य संपलेलं असेल.

एकदा हे डोळ्यांसमोर आल्यावर आमच्या यादीवर भराभर काट मारता आली. फोनचा विमा गेला. घरातल्या उपकरणांवर विकताना चिकटवलेल्या वाढीव हमीच्या योजना गेल्या. ही सगळी अशी नुकसानं आहेत की झाली तर दोन दिवस चिडचिड होईल आणि तिसऱ्या दिवशी आपण नवीन वस्तू आणू. त्यासाठी दुसऱ्याला नफा कशाला द्यायचा? घराच्या पॉलिसीतही 'सुरुवातीचा काही भाग आम्ही सोसू' ही रक्कम आम्ही वाढवून घेतली. हप्ता उतरला. किरकोळ दाव्यांचे कागद नाचवण्यात कंपनीचाही बराच खर्च होतो, तो टळला की तीही सवलत देते. विमा आणि बचत एकत्र बांधलेली एक पॉलिसी होती. तिच्यात संरक्षण इतकं तोकडं आणि बचतीवरची वाढ इतकी रोडावलेली, की ती कुठल्या कामासाठी घेतली होती हेच कळेना. तिच्याबद्दल आणखी लिहिण्यात अर्थ नाही. अशा पॉलिसी घरोघरी असतात आणि त्यांची कहाणी सगळीकडे सारखीच असते.

घराचा मूळ विमा मात्र ठेवला. त्यामागे आगीशिवाय आणखी एक कारण होतं, आणि ते नवऱ्यानेच शोधून काढलं. आपलं घर जळून जाण्यात जे काही जायचं त्याला निदान एक मर्यादा आहे: घराच्या किमतीपेक्षा जास्त जाणार नाही. पण आपल्या घरातल्या फुटलेल्या नळाने खालच्यांचं घर भिजलं, आपल्या छपराचा पत्रा उडून कुणाला लागला, तर त्या देण्याला वरची मर्यादाच नाही. बऱ्याच घरगुती पॉलिसींत या जबाबदारीचंही कलम असतं आणि त्याचा हप्ता एकूण रकमेच्या मानाने किरकोळ असतो. हे कलम कुणी विकताना सांगत नाही, कारण आग आणि चोरी सांगायला सोपी.

आगीच्या विम्याचा जन्मच अशा देण्याच्या गोंधळातून झालेला दिसतो. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन चार-पाच दिवस जळत होतं. सुमारे १३,२०० घरं गेली. त्या वेळच्या बहुतेक भाडेकरारांत दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूची होती, त्यामुळे पुष्कळांपुढे असा प्रसंग आला की घर उरलं नाही तरी भाडं चालूच, आणि घर बांधायचंही त्यांनीच. हे तंटे सोडवायला खास न्यायालय नेमावं लागलं. निकोलस बार्बन हा मुळात डॉक्टर, पुढे घरबांधणीत शिरला, आणि १६८० च्या सुमारास त्याने घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. हप्त्याचा आकडा हा आपल्या घराबद्दलचं एका परक्याचं मत असतो, ही गोष्ट तेव्हापासून चालत आलेली आहे. आपला हप्ता एकाएकी वाढला की आपण कंपनीला शिव्या देतो. कधी कधी तो आकडा खरं सांगत असतो: तुमच्या जागेचा धोका वाढला आहे.

आता मामांबद्दल सांगते. माझे मामा नोकरीभर घरांच्या नुकसानीचे दावे तपासत आले. माणूस मितभाषी, पण पॉलिसीचा विषय निघाला की थांबत नाहीत. त्यांना मी विचारलं, "मामा, तुम्ही स्वतःची पॉलिसी घेताना काय बघता?" ते म्हणाले, "लोक पहिल्या पानावरची रक्कम बघतात. तू मागून वाचायला लाग. काय देणार नाही ते आधी वाच, मग देणार काय ते."

मामांचं म्हणणं किती खरं ते जुन्या घटनांतही दिसतं. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला आणि त्यामागून तीन दिवस आग. सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या. पुष्कळांच्या पॉलिसी आगीच्या होत्या, भूकंपाच्या नव्हत्या. घर भूकंपाने पडलं असेल तर काही नाही, आगीने गेलं असेल तर भरपाई. मोडकळीला आलेली आपली घरं काही लोक स्वतःच पेटवून देत असल्याचं तेव्हा तिथे असलेल्या लष्करी अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलं आहे. काही कंपन्यांनी पैसे देताना हात आखडता घेतला, काही बुडाल्या. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारातल्या कथबर्ट हीथ यांनी मात्र आपल्या प्रतिनिधीला कळवलं की पॉलिसीतल्या अटी काहीही असोत, आपल्या सगळ्या विमेदारांना पूर्ण पैसे द्या. त्याने त्यांचं नाव झालं आणि धंदाही वाढला. पण अशा एका माणसाच्या भरवशावर आपण पॉलिसी घेऊ शकत नाही, आपल्याला कागदावरच जावं लागतं. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतरही अमेरिकेत हाच तंटा झाला. तिथल्या साध्या घरविम्यात वारा धरलेला असतो, पूर नसतो. घराचा नुसता चौथरा शिल्लक राहिलेला, आणि वाद हा की भिंती आधी वाऱ्याने पडल्या की पाण्याने.

मामांची दुसरी तक्रार रकमेची. लोक घराचा विमा बाजारभावाने काढतात, किंवा कितीतरी वर्षांपूर्वी ठरलेल्या रकमेवर तसाच चालू ठेवतात. बाजारभावात जमिनीची किंमत असते, आणि जमीन जळत नाही. दुसऱ्या टोकाला, जुनी रक्कम आजच्या बांधकाम खर्चापुढे अपुरी पडते, आणि इथे एक अशी मेख आहे की ती कळल्यावर मी त्याच दिवशी कागद काढून बघितले. समजा घर नव्याने बांधायला १०० लागतील आणि विमा ६० चाच आहे. स्वयंपाकघराला आग लागून १० चं नुकसान झालं. माणसाला वाटतं, ६० पर्यंतचं संरक्षण आहे, मग १० पूर्ण मिळतील. पुष्कळ पॉलिसींत मिळतात ६. तुम्ही साठ टक्केच विमा काढलात, म्हणून प्रत्येक नुकसानीचे साठ टक्केच. मामा म्हणतात की सगळ्यात जास्त रडारड त्यांनी याच कलमावर पाहिली, आणि ती माणसं अप्रामाणिक मुळीच नव्हती.

तेव्हा 'विमा घ्यावा का' याचं माझं उत्तर आता इतकं सरळ झालं आहे: जे गेल्यावर आपण उठू शकणार नाही त्याचा घ्यावा, पुरेशा रकमेचा घ्यावा, मागचं पान वाचून घ्यावा. बाकी सोडून द्यावं. आणि तरीही वर्षाच्या शेवटी हप्ता वाया गेल्याची चुटपुट लागते, ती मलाही लागते. त्यावर मी एक विचार करते. माझा हप्ता कुठेतरी गेला आहेच. कुणाचं तरी घर खरंच जळलं असणार. मला न ओळखणाऱ्या त्या माणसाच्या भिंतीत माझ्या पैशाच्या चार विटा असतील. नवऱ्याला हे भाबडं वाटतं. असू दे.

पेन्शनचं प्रकरण एवढं सरळ नाही.

मुळात पेन्शन हाही एक विमाच आहे हे आपण विसरून गेलो आहोत. धोका लवकर मरण्याचा असतो तसा खूप जगण्याचाही असतो, पैसे संपल्यावरही जगत राहण्याचा. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या काळात जर्मनीने वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा वय ठेवलं होतं ७०. (बिस्मार्क स्वतः तेव्हा ७४ वर्षांचे होते, म्हणजे आपल्या कायद्याला ते पुरून उरले होते.) ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला, तिथेही ७०. त्या काळी इतकं जगणं बहुतेकांच्या वाट्याला येत नसे. ज्याचं आयुष्य अपेक्षेपेक्षा लांबलं त्याची सोय, असा तो प्रकार होता. आता निवृत्तीनंतरची वर्षं ही बहुतेकांना मिळणारी आणि आधीपासून गृहीत धरलेली गोष्ट झाली आहे. घर सगळ्यांचं जळत नाही, म्हातारे मात्र जवळजवळ सगळेच होतात. म्हणून घराच्या विम्याचा हप्ता छोटा असतो आणि पेन्शनचा इतका मोठा. इथे बहुतांश पैसा आपलाच आपल्याला परत यायचा असतो, विम्याचा अंश त्यात थोडा.

आणि इथे 'वसूल'ची भाषा फार फसवते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये आयडा मे फुलर या बाईंना मिळाला. तीन वर्षांत त्यांच्या पगारातून एकूण २४.७५ डॉलर कापले गेले होते. पहिलाच चेक २२.५४ डॉलरचा. त्या शंभर वर्षं जगल्या आणि त्यांना मिळाले एकूण २२,८८८.९२ डॉलर. हा आकडा ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण तो पैसा त्यांनी साठवलेला नव्हता, तेव्हा कामावर असलेल्यांच्या पगारातून कापून येत होता. अशा योजनेत रांगेत पहिल्याने उभा राहिलेला नेहमीच भाग्यवान, आणि नंतरच्यांना तितकं मिळणं गणितात बसत नाही.

नवऱ्याच्या दोन शंकांपैकी 'आपण असू का' ही मला हलकी वाटते. नसलो तर पैशाचं दुःख करायलाही नसू. 'ते पैसे तेव्हा कितीचे राहतील आणि देणारा देईल का' ही मात्र खरी शंका आहे, आणि तिच्यावर मी बराच वेळ घुटमळले. या शंकेची एक गोष्ट मला फार आवडते.

अठराव्या शतकात फ्रान्सचं राजघराणं कायम कर्जात. पैसे उभे करायला ते आजन्म वार्षिकी विकत असे: आज एकदा रक्कम द्या, अमुक व्यक्ती जिवंत असेपर्यंत दर वर्षी पैसे घ्या. वास्तविक एडमंड हॅलीने, म्हणजे त्या धूमकेतूवाल्या हॅलीनेच, १६९३ मध्ये ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाला किती जगण्याची शक्यता असते याचं कोष्टक मांडलं होतं, आणि वार्षिकीची किंमत वयाप्रमाणे ठरली पाहिजे हे दाखवलं होतं. फ्रेंच सरकारने तरीही लहानमोठ्या सगळ्यांना एकच दर ठेवला. जिनिव्हाच्या बँकवाल्यांनी हे हेरलं. त्यांनी शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या लहान मुली निवडल्या. देवी येऊन गेलेल्या, म्हणजे त्या संकटातून पार पडलेल्या, ठणठणीत, घराण्यात दीर्घायुष्य असलेल्या, डॉक्टरांनी पसंत केलेल्या. अशा तीस-तीस मुलींच्या नावांवर वार्षिकी घेतली आणि त्या उत्पन्नाचे हिस्से लोकांना विकले. मुली खेळत होत्या, वाढत होत्या, आणि शहरभरचे गुंतवणूकदार त्यांच्या सर्दी-पडशाची काळजी वाहत होते. हिशेब अगदी अचूक होता. मुली जगल्या.

मग राज्यक्रांती आली. पैसे घसरत्या कागदी चलनात मिळू लागले, पुढे १७९७ मध्ये सरकारने आपल्या कर्जातला दोन-तृतीयांश भाग जवळपास बुडवलाच. जिनिव्हाच्या कित्येक पेढ्यांचं दिवाळं निघालं. घेणारे किती जगतील याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. देणारा किती जगेल याचा केला नव्हता.

पेन्शनच्या प्रत्येक माहितीपत्रकावर मला ही गोष्ट छापून घ्यावीशी वाटते. आपण चाळीस वर्षांनी पाळायच्या वचनाचे पैसे आज देतो आहोत. वचन देणारा टिकला तरी चलन टिकेल असं नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. ज्यांनी जन्मभर मार्कांत हप्ते भरले त्यांच्या हाती त्या पॉलिसींचं काय आलं असेल ते वेगळं सांगायला नको. आणि कंपनीने दिलेलं वचन कंपनीएवढंच. अमेरिकेतल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद केला. निवृत्त झालेल्यांना आणि साठीपुढच्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. पण चाळीस ते साठ वयाच्या दरम्यानच्या सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या साधारण १५ टक्के रकमेवर भागवावं लागलं, आणि त्याहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. त्या धक्क्यातून पुढे १९७४ चा पेन्शन-संरक्षणाचा कायदा आला. त्या कामगारांना त्याचा उपयोग झाला नाही.

हे सगळं वाचून नवऱ्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूला आले. मी आले नव्हते. सगळीच वचनं मोडू शकतात हे खरं, पण काहीच न करणं हेही एका वचनावर विसंबणंच आहे. आपली प्रकृती कायम धड राहील, कुणीतरी आपल्याला कायम काम देत राहील, मुलं सवडीने आणि आनंदाने सांभाळतील, अशी ती वचनं. ती तर कुणी सहीनिशी दिलेलीही नसतात. यातल्या मुलांच्या वचनावर मला अजिबात भिस्त ठेवायची नाही. ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे, आणि त्यांना विचारून ठरलेलंही नाही.

म्हणून आम्ही पेन्शन भरत राहणार आहोत, फक्त एकाच वचनात सगळं ओतणार नाही. थोडं सरकारी योजनेत, थोडं नोकरीतल्या फंडात, थोडं आपल्या हातातल्या गुंतवणुकीत, आणि राहतं घर कर्जमुक्त. नोकरी देणारा आपल्या वाट्याच्या जोडीने स्वतःचा वाटा घालत असेल तर तेवढं तरी पुरेपूर घ्यावं, याबद्दल आमच्यात कधी वाद नव्हता. एक क्रमही मी माझ्यापुरता ठरवला आहे. चढ्या व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडावं. अडीअडचणीला चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. मग पेन्शन. ज्या घरात आजच्या जेवणाची, औषधाची ओढाताण आहे त्यांना म्हातारपणाच्या नियोजनाचे धडे देणारी माणसं मला सहन होत नाहीत. घराचा विमा मात्र ओढाताणीतही सोडू नये असं मला वाटतं, कारण ज्याच्यापाशी कमी आहे त्यालाच एका आगीनंतर उठता येत नाही. बर्नूलीचा हिशेब पुन्हा तोच.

शुल्काकडे लक्ष द्यायला मला नवऱ्याने शिकवलं. तो म्हणाला, "एक टक्का म्हणजे काय, असं वाटतं ना? हे बघ." वर्षाला ७ टक्क्यांनी वाढणारी रक्कम ४० वर्षांत साधारण १५ पट होते. त्यातला एक टक्का दर वर्षी सांभाळणाऱ्याने घेतला आणि वाढ ६ टक्के उरली, तर होते जेमतेम १०.३ पट. म्हणजे अखेरच्या गंगाजळीतला जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका टक्क्याने खाल्ला. महागाईचंही तसंच. ती वर्षाला ५ टक्के राहिली तर ठरीव पेन्शनची खरेदी करण्याची ताकद वीस वर्षांत ३८ टक्क्यांवर येते. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जी ऐसपैस वाटते ती वीस वर्षांनी कशीबशी किराण्यापुरती उरते. महागाईबरोबर वाढणारी पेन्शन सुरुवातीला कमी दिसते म्हणून लोक ती टाळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हातारपण सुरू होताना माणसाला हिंडायचं असतं.

एक प्रश्न आमच्यात अजून मिटलेला नाही. साठलेल्या रकमेतून आजन्म पेन्शन विकत घ्यायची, की रक्कम हाताशी ठेवून थोडी थोडी काढायची? मेनाहेम यारी या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवलं की मागे काही ठेवायचं नसेल, आणि दर रास्त असेल, तर शहाण्याने सगळी रक्कम आजन्म वार्षिकीत घालावी. प्रत्यक्षात जवळजवळ कुणीच तसं करत नाही, आणि का करत नाही यावर अर्थतज्ज्ञ अजून लिहिताहेत. मला त्यात फारसं कोडं दिसत नाही. आयुष्यभर जमवलेला गठ्ठा कुणाच्या तरी हाती देऊन टाकायचा आणि पुढच्याच वर्षी आपण गेलो तर? पण याची दुसरी बाजू फ्रान्समधल्या आर्ल शहरातल्या एका वकिलाने अनुभवली. १९६५ मध्येच त्याने झान काल्मां या नव्वदीच्या बाईंचं घर बोलीवर घेतलं: त्या असेपर्यंत दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि त्यांच्या पश्चात घर त्याचं. वकील तेव्हा ४७ वर्षांचा. १९९५ मध्ये तो वारला, पुढे त्याच्या घरच्यांनी पैसे दिले, आणि काल्मां बाई १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी गेल्या. त्या वकिलाच्या जागी मोठी कंपनी असती, तिच्याशी असे हजारो करार असते, तर एका बाईंच्या दीर्घायुष्याने तिचं काही बिघडलं नसतं. एकट्या माणसाने दुसऱ्याच्या आयुष्यावर पैज लावू नये. स्वतःच्याही नाही, असं मला वाटतं, आणि तोच माझा वार्षिकी घेण्याच्या बाजूचा मुद्दा आहे.

नवरा म्हणतो अर्धी घेऊ, तीही निवृत्त झाल्याबरोबर नको, काही वर्षांनी. वय वाढेल तसा दर चांगला मिळतो आणि तोवर प्रकृतीचाही अंदाज येतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे बहुधा तसंच होईल. एका मुद्द्यावर मात्र मी हटले नाही. पेन्शन एकाच्या हयातीपुरती घेतली तर मासिक आकडा मोठा येतो, दोघांच्या हयातीपर्यंतची घेतली तर लहान. त्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले, आणि फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. मी त्याला विचारलं, बायका सरासरीने जास्त जगतात हे तुझ्या कागदावर कुठे आहे? तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, मी माझ्या नावाची पेन्शन धरून चाललो होतो." पहिल्या आकड्यावर त्यानेच काट मारली. पुढच्या आठवड्यात अर्ज द्यायचा आहे. दोघांचाही वयाचा दाखला लागतो, आणि माझा सापडत नाहीये.